फेंग पोपोच्या रागाची गाठ

जेवण अंगावर आलंय, घसा बसलाय, आणि तुम्हाला गोष्ट हवी. दिवसभर मेल्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं, सांगतो. मधे खोकायचं नाही.

पूर्वेला, बर्फाच्या डोंगरांपलीकडे, एका राज्यात शांग नावाचा राजा राज्य करीत होता. माणूस मायाळू, पण आपलंच खरं करणारा. त्या मुलखाला वारा देणारी एक देवी होती. त्यांच्या बोलीत फेंग पोपो, म्हणजे वाऱ्याची आजी. बसायला वाघ, पाठीवर कातडी पिशवी, पिशवीत सगळे वारे. सुगी आली की राजानं तिला जेवायला बोलवायचं, आणि त्या दिवशी महालाची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची, अशी तिथली रीत.

त्या साली राजाला तिचे पिकलेले केस दिसले आणि त्याचा जीव कळवळला. म्हातारीला थंडी बाधेल, म्हणून त्यानं खिडक्यांना जाड कागद चिकटवला, फटीसुद्धा बुजवल्या. आजी मुकाट्यानं जेवली, उठली, वाघावर बसली नि गेली. तत्क्षणी वारा पडला. खळ्यात धान्य भुसकटातच राहिलं. धूर चुलीशीच घुटमळू लागला. आणि राजपुत्र वेनचं गलबत भर समुद्रात जागच्या जागी उभं राहिलं.

वेनची बायको मेइलिन. तिच्या खिडकीशी क्रौंच पक्षी उतरला नि म्हणाला, “वहिनी, गलबतावर पाण्याचं शेवटचं पिंप उघडलं.”

मेइलिन उठली ती थेट आजी राहायची तो डोंगर चढली. वर गुहेत आजी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“आजी, वारा सोडा. माझा नवरा तहानेनं मरेल.”

“सोडू कशी? माझ्याच रागानं पिशवीला गाठ पडलीय, तिला पीळ तीन. माझ्या बोटांनाही दाद देत नाही. तू आधी वाघाला विंचर. वाऱ्यावाचून धुळीनं भरलाय बिचारा.”

मेइलिननं केसांतली फणी काढली.

“कानामागं हळू,” वाघ म्हणाला.

तिनं हळू विंचरलं. वाघ सुखानं घुरघुरला, तसा पहिला पीळ सुटला.

“आता हे सूपभर राळे उपणून दे. वारा मागायचा नाही.”

मेइलिन फुंकर मारीत बसली. ओठ फुटले, पण दाणा न् दाणा भुसकटातून वेगळा झाला. आजीनं तिच्या ओठांना लोणी लावलं.

“फुंकर एवढीशी, पण नेटाची. सून चांगली मिळाली त्या मूर्खाला.”

दुसरा पीळ सुटला.

“तिसऱ्यासाठी सासऱ्याला आण. त्यानं इथं येऊन चूक कबूल करायची. नजराणा नको.”

मेइलिन धावत खाली आली. राजानं ऐकलं नि तो भडकला.

“मी तिची काळजी घेतली. काळजीची माफी मागू?”

“मामंजी, तिला विचारलं होतंत?”

राजानं खिडकीच्या कागदाकडे पाहिलं.

“पिंप शेवटचं आहे, मामंजी.”

राजा उठला. खिडकीचा कागद त्यानं स्वतः टराटरा फाडला, पालखी नाकारली नि चालत निघाला. दोनदा मटकन खाली बसला, तिसऱ्यांदा सुनेनं हात धरला नि गुहेपर्यंत नेलं.

“आजी, चुकलो. तू म्हातारी दिसलीस. तुला न विचारता मी रीत मोडली आणि पाहुणीला कोंडून जेवू घातलं.”

“घरोघर थंडी पोचवत फिरते मी, आणि मलाच पांघरूण घालतोस,” आजी करवादली. मग तिनं त्याचा शेला गळ्याशी घट्ट ओढून दिला. “घामाघूम झालायस. वारं बाधेल तुला.”

बोलता बोलता तिसरा पीळ सुटला. वारे भरारा निघाले. खळ्यांवर भुसकट उडालं, धूर आभाळात गेला, गलबताची शिडं फुगली. वेन बंदरात उतरला. तहानेनं त्याचेही ओठ फुटले होते. मेइलिनचे पाहून तो म्हणाला, “तुझ्याही गलबताचं पाणी संपलं होतं काय?” तिनं आजीचं उरलेलं लोणी त्याला लावलं.

तेव्हापासून सुगीत त्या महालाची खिडकी कोणी लावीत नाही. राजे शिंकतात, पण लावीत नाहीत.

एवढा राजा, पण त्यालाही चुकलो म्हणायला जमलं. चारचौघांत मला खोटारडा म्हणालेल्या केरबा जगतापाला अजून जमलेलं नाही.