सव्वाअकराची फेरीबोट

“मग परवा मी वाजवू तरी काय?”

इंगविल्डनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

तोर्गेइर उकडलेले बटाटे सोलत होता. गरम बटाटा काट्याला टोचून धरायचा, सुरीनं साल ओढायची... त्याचं सगळं लक्ष तिथं.

नॉर्वेत गुरूलाही नावानंच हाक मारतात आणि अरेतुरे करतात. त्यामुळे इंगविल्डला राग गिळायची गरज नव्हती. तरी ती गिळत होती. दोन बसगाड्या आणि पहाटेची फेरीबोट करून ती या खाडीकाठच्या गावात पोचली होती, आणि भांडायलाही अंगात त्राण लागतं.

तोर्गेइर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. एके काळचा नावाजलेला डबल बास वाजवणारा. देशातले निम्मेअधिक तरुण जॅझवाले त्याच्या हाताखालून गेलेले. इंगविल्ड सहा वर्षं सॅक्सोफोन घेऊन त्याच्यासमोर बसली होती. सहा वर्षांत यानं मला एकच गोष्ट शिकवली, असं ती चिडून सांगायची. आपण वाजवताना कान उघडे ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी तिनं, बासवाल्या एस्किलनं आणि ड्रमवाल्या मोन्सनं याच गावात आपला पहिला अल्बम केला. तोर्गेइरच्या घराला लागून मासे खारवायची जुनी शेड आहे, रिकामी. एका सकाळी तिघं तिथं उभे राहिले. कागद नाही, ठरवलेली धून नाही. तासभर जे सुचलं ते वाजवलं. तोच अल्बम.

तो गाजला. त्यातला तिसरा तुकडा तर फारच. त्यात मधेच इंगविल्ड सगळं सोडून एक खालचा सूर धरते, आणि धरूनच ठेवते... लोक त्या सुरासाठी वेडे झाले.

मग त्रेचाळीस गावं फिरून झाली. प्रत्येक गावाला तोच सूर हवा. ती समजावून सांगायची, ते तेव्हा सुचलं होतं, आज दुसरं काही सुचेल. लोक समजूतदारपणे मान डोलवायचे आणि त्या सुराची वाट बघत बसायचे.

विसाव्या की एकविसाव्या गावी तिला काहीच सुचेना. इतकी ती दमली होती. तिनं अल्बममधला तुकडा आठवून जसाच्या तसा वाजवला. टाळ्या थांबेनात. त्या आठवड्यात तिनं स्वतःचंच वाजवणं पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून त्याचा रियाज.

गेल्या सोमवारी तालमीत मोन्सनं मधेच काठ्या खाली ठेवल्या.

“पुढं काय येणार ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मग माझं इथं काम काय?”

एस्किल तिची बाजू घेईल असं तिला वाटलं होतं. तो बासच्या तारा पुसत बसला. शेवटी दोघांनी मिळून सांगितलं, त्याच शेडमध्ये दुसरा अल्बम करायचा दिवस ठरलाय, तो आम्ही करणार. तो कागद सोडून येणार असशील तर ये. नाहीतर आम्ही दोघंच वाजवू. तो दिवस आता परवावर आला होता.

आणि कागद सोडला तर तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. हे सगळं तिनं तोर्गेइरला सांगून झालं होतं. दोनदा.

तोर्गेइरनं पुढचा बटाटा घेतला.

म्हाताऱ्यांचं बरं असतं, इंगविल्डच्या मनात आलं. गप्प बसलं की लोक त्याला शहाणपण समजतात.

“तू वीस वर्षांत एकही अल्बम केला नाहीस,” ती म्हणाली. “का थांबलास?”

“बोटं सुजायला लागली.”

तिला काहीतरी खोल उत्तर हवं होतं. तेही मिळालं नाही.

खरं तर अजूनही देशातला प्रत्येक छोटा बँड आपला नवा अल्बम टपालानं त्याला पाठवतो. तो त्यातला प्रत्येक अल्बम ऐकतो. एकदाच. मग धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात नेऊन ठेवतो, ज्याला हवा त्यानं उचलावा. जाणाऱ्या-येणाऱ्या कोळिणींच्या घरांत असं संगीत वाजतं की राजधानीतल्या समीक्षकांच्याही घरांत नसेल.

आपल्या अल्बमचं त्यानं काय केलं, हे इंगविल्डनं कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं कारण नव्हतं. खिडकीत लोकरी मोज्यांच्या ढिगाखालून त्याचा कोपरा दिसत होता. तिनं तो ओढून काढला. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

“तू उघडलाही नाहीस.”

“ऐकलाय.”

“कसा? प्लॅस्टिकमधून?”

तोर्गेइर हसला. त्या सकाळी तो शेडबाहेर बसून नावेचा जुना रंग खरवडत होता, म्हणाला. आत तुम्ही वाजवत होता. तेव्हा एकदा ऐकून झालं.

“मग?”

“फार आवडलं. सव्वाअकराची फेरीबोट आली तेव्हा तर फारच.”

इंगविल्डला आधी समजलं नाही. मग हळूहळू आठवलं... तिसरा तुकडा चालू असताना धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीनं भोंगा दिला होता. खोल, लांबलचक. तिची बोटं आपोआप थांबली होती, आणि तिनं तोच सूर धरून त्या भोंग्याला ओ दिली होती.

पुढं ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तिनंच सांगितलं, मागचा तो भोंगा पुसून टाक. बिचाऱ्याचे दोन दिवस गेले त्यात.

“तो मीच काढायला लावला,” ती म्हणाली. “गोंगाट वाटत होता.”

“हं...”

तोर्गेइरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

“वाजव,” तो म्हणाला. “तो तुकडा.”

“वाजवून काय होणार?”

“बटाटे गार होतील. बाकी काही नाही.”

तिनं सॅक्सोफोन काढला, पट्टा गळ्यात घातला, डोळे मिटले. कागद लागला नाही. बोटांना सगळं पाठ होतं, त्यांना तिचीही गरज नव्हती. तीन मिनिटांनी तो सूर आला. बाहेर खाडी रिकामी होती, दोन पांढरे पक्षी तेवढे धक्क्यावर बसलेले. तिनं सूर धरला, अल्बममध्ये धरला होता तितकाच वेळ, आणि नेमक्या जागी सोडून पुढं गेली.

पुढची जलद जागा अर्ध्यावर असताना बाहेर भोंगा झाला. खोल, लांबलचक. खिडकीच्या काचा थरथरल्या.

इंगविल्डच्या कपाळाला आठी पडली. तिनं फुंकीचा जोर वाढवला, भोंगा झाकून टाकला, आणि एकही जागा न चुकवता शेवटापर्यंत पोचली.

बटाट्यांची वाफ थांबली होती.

तोर्गेइर खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली फेरीबोटीनं फळी टाकली, दोन मोटारी उतरल्या, एक बाई सायकल ढकलत आली... तो बघत राहिला.

“सांग ना,” इंगविल्ड म्हणाली. आवाजात आता भांडण नव्हतं. “कुठं चुकतंय माझं?”

“फेरीबोट आज उशिरा आली,” तो म्हणाला. “तू मात्र अगदी वेळेवर होतीस.”