बडबडीचं सूत

आज राजाबिजा नाही हं. राजाची गोष्ट काल सांगितली, तर निम्म्यावरच घोरायला लागलात सगळे. आज सूत कातणाऱ्या बायकांची गोष्ट. जरा भीतीची आहे, आधीच सांगून ठेवते. पाय पांघरुणात घ्या. ज्याला भ्यायचं असेल त्यानं माझ्याकडे सरकावं, पण ढकलाढकली चालायची नाही.

तर काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी बोंडखेडं नावाचं एक गाव होतं. तिथं अकरा बायकांची एक मंडळी होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं उरकली, की अकराही जणी आपापला चरखा पोरासारखा कडेवर घ्यायच्या आणि कुणा एकीच्या ओसरीवर जमायच्या. मग ऊन उतरेपर्यंत सूत कातायच्या. या आठवड्यात हिची ओसरी, पुढच्या आठवड्यात तिची. याला त्या बैठक म्हणायच्या.

जिची ओसरी, तिनं सगळ्यांना पेळू द्यायचे. पेळू म्हणजे काय, तर पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी लांब गुंडाळी. तिच्यातूनच सूत निघतं. आणि बैठकीचा कायदा एकच. चरखा घेऊन जी कुणी येऊन बसेल तिला आधी पेळू द्यायचे, नावगाव मागाहून विचारायचं. शिवाय दिलेला पेळू कधी परत मागायचा नाही. म्हणजे कायदे दोन झाले. होऊ देत.

या मंडळीत सुंद्रा नावाची एक बाई होती. सगळ्यांत बारीक सूत तिचं, आणि सगळ्यांत मोठा तोराही तिचाच. तिला एक लेक होती सहा वर्षांची, ठकी. ही ठकी म्हणजे अशी बोलघेवडी की विचारू नका. मुंगी कुठं निघाली, मांजरीला मिशा कशाला, शेजारच्या पिलाकाकूनं आमटी खारट का केली, सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू. तुमच्यातलंच एक ध्यान होतं म्हणा ना.

मग एकदा सुंद्राच्या ओसरीची पाळी आली. सुंद्रानं सुपात पेळूंचे अकरा जुडगे मांडले. एक जास्त नाही, एक कमी नाही. म्हणाली, "माझ्या घरी कापूस वाया जात न्हाई." अकराजणी बसल्या. चाकं फिरायला लागली, घर्र, घर्र, घर्र. आणि तेवढ्यात बारावी बाई आली.

कुठून आली ते कुणी पाहिलं नाही. मातकट लुगडं, कडेवर चरखा, अंगणातून सरळ वर आली आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसली. आता बघा हं, कापूस कातताना तंतू उडतात, ते भुवयांवर बसतात, केसांत बसतात. अकराही जणी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. पण त्या बाईच्या अंगावर एक तंतू बसत नव्हता. जवळ जायचा आणि वळून निघून जायचा. सुंद्रानं ते पाहिलं.

ती बाई म्हणाली, "माझे पेळू?"

सूप तर रिकामं! आपल्या वाट्यातले निम्मे काढून द्यायचे, संपलं. पण सगळ्यांसमोर तसं करायची सुंद्राला लाज वाटली. ती हसून म्हणाली, "कापूसच कशाला पायजे? या घरातलं काय आवडंल ते घ्या बाई, आणि काता."

दारात ठकीची टकळी चालूच होती. त्या बाईनं मान वळवली. "हिची बडबड घेऊ?"

सगळ्याजणी हसल्या. सुंद्राही हसली. "घ्या की! कान किटलेत माझे."

असं म्हणाली बाळांनो. आईच असं म्हणाली.

मग त्या बाईनं हात लांब केला. ठकीच्या ओठांजवळून चिमटीत काहीतरी धरलं, चरख्याच्या चातीला, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईला, लावलं, आणि चाक फिरवलं. चाकाचा आवाज मुळीच आला नाही. चिमटीतून सूत निघालं, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक आणि ओल्या शंखासारखं चकचकीत. एकसारखं, कुठं गाठ नाही, कुठं जाड नाही. अकराजणींचे हात थांबले. "अगं बया, काय हे सूत!" सगळ्या सुताकडे बघत राहिल्या. सुंद्रा तर डोळे फाडून बघत होती, हिला जमतं ते मला का जमत नाही म्हणून. पोरीकडे एकीनंही पाहिलं नाही. कातणाऱ्या बायकाच त्या, त्यांना सुतापुढं दुसरं दिसतं होय?

ऊन उतरायच्या आत ती बाई उठली, चरखा कडेवर घेतला आणि गेली. मग सुंद्रानं वळून पाहिलं. ठकीचं तोंड हलत होतं. भराभरा हलत होतं. पण आवाज नव्हता.

सुंद्रानं तिला मध चाटवला. आवाज आला नाही. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आवाज आला नाही. वैद्यानं काढा दिला, पोरीनं तोंड वाकडं करून प्यायला, आणि रडली. रडतानाही आवाज आला नाही. बिनआवाजाचं रडणं बघायचं म्हणजे फार वाईट हो.

मग पुढची बैठक आली, भागाआत्याच्या ओसरीवर. भागाआत्या मंडळीत सगळ्यांत थोरली. सुंद्रानं ठकीला घरात ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि एकटी गेली. चाकं फिरायला लागली, घर्र, घर्र. आणि बघतात तर कोपऱ्यात ती बसलेलीच!

सुंद्रा हात जोडून म्हणाली, "बाई, चुकले मी. माझ्या लेकीचा आवाज परत द्या."

ती म्हणाली, "दिलेला पेळू तुमच्यात परत मागतात का?"

मग त्या बाईनं चातीवरचं सूत धरलं आणि हळूच ओढलं. एकदा ओढलं, तर गल्लीत कडी वाजली. दुसऱ्यांदा ओढलं, तर मातीत पावलं वाजली. तिसऱ्यांदा ओढलं, आणि अंगणात ठकी येऊन उभी राहिली. डोळे उघडे, पण कुणाला ओळखत नाही.

सुंद्रा धावायला उठली, तर उठता येईना! चरख्याच्या दांडीला हात चिकटलेला. अकराही जणींचे हात चिकटलेले. चाकं आपोआप फिरताहेत, थांबवली तर थांबत नाहीत. आणि ती बाई वाकली, ठकीच्या टाचेपाशी भुईवरून तिची सावली चिमटीत धरली, आणि कातली. सगळीच्या सगळी. काळं, मऊ सूत. मग उठून गेली, तेव्हा हात सुटले.

भर उन्हात ठकी उभी होती, आणि पायाशी काही नाही. नुसतं ऊन. सुंद्रानं तिचा हात धरला, तर हातात पेळू धरल्यासारखं वाटलं. वजनच नाही. पुढच्या खेपेला काय कातलं जाणार, ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

पांघरूण वर घ्या. आणि तोंडावर नाही, छातीपर्यंत. श्वास घेता आला पाहिजे. पुढं सांगू ना? बरं.

सुंद्रा भागाआत्याच्या पायाशी बसून रडायला लागली. "आत्या, माझ्याच तोंडानं दिलं मी. माझ्याच तोंडानं!"

आत्या म्हणाली, "रडून सूत निघत न्हाई. नीट ऐक. पेळू परत मागता येत न्हाई, खरं हाय. पर सूत तपासता येतं का न्हाई? बैठक उठायच्या आधी जिची ओसरी ती सगळ्यांचं सूत तपासती. चाक उलटं फिरवती, सूत सोडवती, पीळ बगती. कच्चं निघालं तर सगळं उलगडून टाकती. तो मान ओसरीवालीचा. म्हणून तर ती बया दोन्ही खेपेला तपासायच्या आधी उठून गेली."

"मग या खेपेला तरी कशी थांबंल ती?"

"तिच्या सुताला नाव ठेव," आत्या म्हणाली. "कातणारी सगळं सोशील, पर सुताला नाव ठेवलेलं न्हाई. आणि एक ध्यानात ठेव. ओढू नको. सूत तुटलं तर तुटल्याच्या पलीकडचं तिचं झालं."

मग तिसरी बैठक सुंद्रानं मागून आपल्या ओसरीवर घेतली. बाकीच्या दहाजणी आल्या. खरं सांगायचं तर त्यांना यायचं नव्हतं. पिलाकाकूचे तर दात वाजत होते. पण आल्या. सुंद्रानं ठकीला या वेळी लपवलं नाही, आपल्या मांडीशी बसवलं. आणि कोपऱ्यात ती बाई होतीच. ठकीकडे बघून तिनं चिमटी उघडली.

सुंद्रानं मान वाकडी केली, जशी ती नेहमी दुसऱ्यांचं सूत बघताना करायची, आणि म्हणाली, "सूत बारीक हाय बाई. पर पीळ कच्चा दिसतोय."

चिमटी थांबली. "कच्चा?"

"कच्चाच. लांबूनच दिसतंय."

"माझा पीळ कच्चा?" ती बाई उठली. ताडमाड झाली. ओसरीवरचं ऊन एकदम गार पडलं. तिनं आपला चरखा सुंद्रापुढं आणून आदळला. "बघ! हात लावून बघ!"

सुंद्रानं सुताचं टोक ठकीच्या तळहातावर ठेवलं, चाकाची दांडी धरली, आणि चाक उलटं फिरवलं.

पहिला वेढा सुटला. काळं सूत निघालं, पीळ उकलला, आणि ठकीच्या पायाशी थेंबभर सावली पडली. सुंद्रा हळू, हळू फिरवत राहिली. ती बाई तिच्या मागं येऊन उभी राहिली. मानेवर तिचा श्वास लागत होता, पाटातल्या पाण्यासारखा गार. "तुटेल," ती म्हणाली. "हात कापतोय तुझा. तुटेल बघ."

आणि हात कापतच होता! सूत हेलकावे खायला लागलं. तेव्हा भागाआत्या ओरडली, "चाकं चालवा गं! सगळ्याजणी एका लयीत!" मग दहा चाकं फिरायला लागली, घर्र, घर्र, घर्र. कुणी वर पाहीना, सगळ्यांचे डोळे भीतीनं मिटलेले, पण लय सुटू दिली नाही एकीनंही. त्या लयीवर सुंद्राचा हात स्थिरावला. सावली पुरी सुटली. मग आवाजाचं सूत लागलं. ठकीच्या गळ्यातून एक अक्षर आलं, मग दोन आली, मग "मुंगी" आली, "मांजर" आली.

आता चार हात सूत राहिलं होतं. आणि ती बाई सुंद्राच्या कानात म्हणाली, "तूच दिलंस ना मला? हसत हसत दिलंस."

सुंद्राच्या हाताला एकच झटका बसला. आणि टक्! सूत तुटलं.

दहाही चाकं थांबली. बाईनं तुटलेलं टोक झडपायला हात घातला. पण सुंद्रा कातणारी होती. सूत तुटलं की कातणारी विचार करत बसत नाही, तिची बोटंच सांधायला धावतात. दोन टोकांच्या मधे थोडा नवा कापूस घालायचा आणि पीळ द्यायचा, झालं. पण या सुताला कापूस कुठला चालणार? मग सुंद्रानं आपल्याच ओठांजवळून चिमूटभर ओढून काढलं, दोन टोकांच्या मधे घातलं, थुंकी लावली आणि पीळ दिला. सांधलं! मग उरलेलं चार हात सूत चातीवरून सुटलं, आणि चाती रिकामी झाली.

"आई," ठकी म्हणाली, "ही बाई कोण? हिला घाम का येत न्हाई? हिनं आपलं सूत असं का घेतलं? तिला सुपातले पेळू दिले न्हाईत का? पिलाकाकू का रडती?"

सुंद्रानं लेकीला उराशी धरलं, आणि मग सुपात या खेपेला जास्तीचा ठेवलेला एक जुडगा त्या बाईपुढं धरला. कायदा म्हणजे कायदा. बाईनं वाकून हुंगला. "कापसाला चव नसते," ती म्हणाली. चरखा उचलला आणि चालू लागली. अंगणापर्यंत दिसली, पुढं दिसली नाही.

आता कुठं असते ती? मला काय माहीत. बोंडखेड्यात नाही, एवढं नक्की. इथंही नाही. आपल्याकडे चरखा कुठं आहे?

मग ठकी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली, आणि सगळी सुखात राहिली. ठकीची बडबड शेवटपर्यंत थांबली नाही. पहाटे बोलायची, जेवताना बोलायची, कोणी घरी आलं की त्याचं सगळं विचारून घ्यायची. कान किटायचे हो सुंद्राचे! कधीकधी ती वैतागून तोंड उघडायची. पण सांधायला जी चिमूट तिनं स्वतःच्या आवाजातून काढून दिली होती ना, तिच्यात तिचा एक शब्द गेला होता. "गप" हा शब्द. तो काही केल्या तिच्या तोंडून निघायचा नाही. मग ती तशीच तोंड उघडं ठेवून बसायची, आणि लेकीचं सगळं, सगळं ऐकायची. ऐकताना डोळे पुसायची.

माझा तो शब्द मात्र जागच्या जागी आहे. चला, दिवा मालवते. कुशीवर वळा. आता गप.