चौकातला फ्लेक्स

शेवंतामावशीचे यजमान जिल्हा न्यायालयात शिपाई होते. ते वारल्यावर मावशीने मोबाइलवर त्या इमारतीचा फोटो काढला. लगेच फौजदार काळोखे धावून आले.

"फोटो कोणाला विचारून काढला? दारं-खिडक्या सगळ्या दिसतात. उद्या काही घडलं तर? मोबाइल जमा करा."

मोबाइलमध्ये यजमानांचा आवाज साठवलेला होता. मावशी शांतपणे म्हणाली, "करते, साहेब. मग चौकातला तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही जमा करा. त्यात तुमच्या पाठीमागे हीच इमारत आहे, दारा-खिडक्यांसकट. माझा फोटो मी एकटीच बघणार होते. तो फ्लेक्स सारं शहर बघतंय."

काळोखेंनी विचारलं, "यजमान कुठे बसायचे?"

"तुमच्यामागच्या त्या दाराशी, स्टुलावर."

काळोखे बाजूला सरकले.