अठराव्या प्रधानाचे चिंचोके

फार फार पूर्वी, लोक पौर्णिमा मोजून वर्षं काढायचे त्या काळी, एका कोरड्या राज्यात नवा प्रधान नेमला गेला. तो अठरावा. आधीचे सतरा किती दिवस टिकले हे कुणाला विचारायची गरज नव्हती. कचेरीची मागची भिंतच ते सांगत होती.

रीतच तशी होती. नव्या प्रधानाने पगडी घातली की भिंतीवर त्याची ओळ सुरू व्हायची. दर पौर्णिमेला देवडीवरचा पहारेकरी चुन्यात बोट बुडवून एक रेघ ओढायचा. राजाने पगडी काढून घेतली की ती ओळ तिथेच थांबायची, आणि तिच्याखाली दुसऱ्याची सुरू व्हायची.

दुसरी रीत त्याहून मानाची. प्रत्येक प्रधानाने नदीवर आपला स्वतःचा बंधारा बांधायला घ्यायचा. चांदीच्या थापीने पहिला दगड बसवायचा, सनई वाजायची, गूळ वाटायचा. आधीच्याचा बंधारा अर्धा उभा असला तरी त्याला हात लावायचा नाही. "दुसऱ्याच्या उष्ट्या पानावर कोण बसतं?" असं राजवाड्यात म्हणत. त्यामुळे नदीवर पाये सतरा होते, आणि बायका मात्र तीन कोस चालून हंडे भरून आणत होत्या. मानाची रीत ती हीच!

आपला प्रधान मनाने वाईट नव्हता आणि हुशारही होता. पण त्याच्या ओळीत पाचवी रेघ पडली त्या दिवशी त्याची नजर सहज वरच्या ओळींवर गेली, आणि मनात किडा वळवळला. माझ्या किती होणार?

त्याने पोतंभर चिंचोके मागवले. एका रेघेला एक चिंचोका, असे सतरा ढीग मांडले. सगळ्यात लहान ढीग तीन चिंचोक्यांचा. त्या बापड्याने राणीच्या भावाला ओळखलं नव्हतं. सगळ्यात मोठा छत्तिसाचा. लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावली, तर बरोबर मधल्या ढिगात निघाले चोवीस. त्याच्या शेजारच्या ढिगांतही तेवीस नाहीतर पंचवीस. म्हणजे आपल्याही चोवीसच, असा हिशेब प्रधानाने केला.

मग त्याला जेवण जाईना. विद्वान प्रधान एका बाजूला केले, अडाणी दुसऱ्या बाजूला; दोन्हीकडे सारखंच. राजाचे सोयरे वेगळे काढले; त्यांचंही तेच. प्रामाणिकांचे चोवीस भरले आणि चोरांचे पंचवीस. एका पौर्णिमेसाठी चोर व्हावं, हा सौदा काही त्याला पटला नाही.

"अहो, प्रधान आहात की चिंचोके विकायला बसलात?" बायको म्हणाली.

"यात कुठेतरी किल्ली आहे," तो म्हणाला. "ती सापडली की मी राहिलो."

किल्ली सापडेना, तेव्हा तो नदीवर गेला. आपल्या बंधाऱ्याला जागा तरी बघावी. तिथे एक म्हातारी दगड फोडत बसली होती. बारा प्रधानांचे पाये तिच्या हातून खणले गेले होते.

"आजीबाई," त्याने विचारलं, "एक बंधारा पुरा व्हायला किती दिवस लागतात?"

"चाळीस पुनवा," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "समदी मानसं लावली तरी चाळीसच."

प्रधान जागच्या जागी थबकला. सगळ्यात मोठा ढीग छत्तिसाचा होता.

"म्हणजे कुणालाच जमणार नव्हतं?"

"कसं जमंल? पैल्या उन्हाळ्यात लोक म्हनत्यात, नवा हाय, सोडा. दुसऱ्या उन्हाळ्यात हिरी आटल्या की बोंब मारत्यात. मग राजा एक पगडी काढतो. नवा येतो, नवा पाया खनायला लावतो. आमी खनतो." तिने हातोडा खाली ठेवला. "पर अडवलेलं पानी म्या अजून डोळ्यानं बघितलं न्हाई, मालक."

इतके दिवस प्रधान माणसांत खोट शोधत होता. खोट माणसांत नव्हतीच. चाळीस महिन्यांचं काम चोवीस महिन्यांच्या माणसांना दिलं होतं, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं. पाणी नाही म्हणून प्रधान जात होते, आणि प्रधान जात होते म्हणून पाणी नव्हतं.

"यातला सगळ्यात पुढे गेलेला बंधारा कोणता?" त्याने विचारलं.

"सातव्याचा. निम्मा वाहून गेलाय. आजून वीस पुनवा लागतील."

प्रधानाने बोटं मोजली. पाच गेल्या होत्या. चोविसाला उरल्या एकोणीस. एक कमी पडत होती.

त्याला राग आला, मग रडू आलं. आपला नवा बंधारा काढावा तर तो अर्ध्यातच राहणार. उष्टा उचलावा तर हसं होणार, आणि वर पाणी अडेल ते दुसऱ्याच्या हातून. दिवसभर तो वाळूत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी चांदीची थापी घेऊन तो सातव्याच्या बंधाऱ्यावर चढला आणि तिथे दगड बसवला. सनई वाजली नाही.

राजवाड्यात त्याचं नाव उष्टखाऊ प्रधान पडलं. त्याने ते ऐकलं आणि गिळलं. एकोणीस चिंचोके कमरेच्या पिशवीत ठेवले आणि दर पौर्णिमेला एक नदीत टाकत गेला. पिशवी हलकी होई तसा तो मजुरांवर खेकसे, मग ओशाळून स्वतःच दगड उचलू लागे.

दुसरा वैशाख आला. विहिरी आटल्या. लोकांनी राजवाड्यापुढे रिकामे हंडे आपटले. राजाने पगडीसाठी हात पुढे केला.

"महाराज, एक पौर्णिमा द्या. बैलगाडी जाईल एवढीच खिंड राहिली आहे. तशीच राहिली तर पावसात सगळा बंधारा जाईल."

"मागच्या सगळ्यांनीही मुदतच मागितली होती," राजा म्हणाला. चोविसावी रेघ शेवटची ठरली.

ज्येष्ठात एकोणिसावा प्रधान थापी घेऊन नदीवर जागा बघायला आला. उघड्या डोक्याचा अठरावा त्याच्या वाटेत उभा राहिला आणि त्याने चिंचोक्यांचे अठरा ढीग वाळूवर मांडले.

"मी त्यांच्यासारखा नाही," नवा म्हणाला.

"मीही नव्हतो. मोजा."

नव्याने मोजले. पुन्हा मोजले. त्याचा चेहरा उतरला.

"मालक," म्हातारी म्हणाली, "खिंड तेवढी ऱ्हायलीय. पाऊस काय तुमची वाट बघत थांबायचा न्हाई."

नवा प्रधान बराच वेळ हातातली थापी फिरवत राहिला. मग तो खिंडीकडे चालू लागला. अठराव्याने मागोमाग दगड उचलला.

आषाढात नदी आली आणि बंधाऱ्याशी थांबली. म्हातारी काठावर बसून पाण्यात पाय सोडून रडली. पुढच्या वैशाखात हंडे आपटायला कुणी गेलं नाही. एकोणिसाव्याची ओळ चाळिशी ओलांडून भिंतीच्या कडेपर्यंत गेली, आणि लोक म्हणाले, नशीबवान हो हा प्रधान!

अठराव्याची ओळ चोविसावरच राहिली, अगदी मधल्या ढिगाएवढी. पण पाणी अडलं त्या दुपारी त्याने बंधाऱ्यावर बसून भाकरी खाल्ली, दगडाला डोकं टेकलं, आणि कितीतरी पौर्णिमांनंतर त्याला गाढ झोप लागली.

तात्पर्य: आपली मुदत मोजावी ती पगडी वाचवण्यासाठी नव्हे, तर कुणाचं अर्धं राहिलेलं काम तेवढ्यात पुढे नेता येईल हे कळण्यासाठी.