कुलूपवाल्याच्या घरचा दुपारचा चोर

एका गावात एक कुलूपवाला होता. माणूस सोन्यासारखा, पण भित्रा. वाटेत कुणी हसून रामराम केला तरी हा आधी कमरेची किल्ली चाचपायचा, मग रामराम घ्यायचा. गावाला कुलपं विकून विकून त्याला वाटायला लागलं होतं, की जगात माणसं दोनच तऱ्हेची. एक कुलूप लावणारी, एक कुलूप फोडणारी.

त्यानं नवं घर बांधायला काढलं. गवंड्यानं विचारलं, "मालक, खिडक्या कुठं कुठं ठेवू?"

"कशाला?"

"उजेड यायला."

"उजेडाला सापडलेली वाट चोराला सापडत नाही व्हय?"

गवंडी म्हणाला, "मग दार तरी ठेवायचं, का तेही नको?"

कुलूपवाल्यानं खरंच जरा विचार केला. म्हणाला, "एक ठेव. मला आत जायला लागंल."

झालं. हातभर जाड भिंती, एकच दार, तेही अरुंद बोळात, समोर शेजाऱ्याची भिंत. कौलं अशी दाट बसवली की मुंगीला आडवं होऊन आत यावं लागंल. चुलीचा धूरसुद्धा बिचारा माणसासारखा दारातनं जायचा. धान्य पुरून ठेवायचं पेव असतं ना, गावातली पोरं त्या घराला तेच नाव ठेवून मोकळी झाली. पेव.

आता गंमत ऐका. कुलूपवाला दिवसभर बाजारात, चिंचेखाली पथारी मांडून बसायचा. उजाडलं की बाहेर, दिवेलागणीला घरी. घरात दिवा लागलेला, ताट वाढलेलं, बायको समोर. त्याला आपलं घर झकास वाटायचं. अंधार होता तो दुपारचा, आणि दुपारी घरात असायची ती बायको.

बायको हसरी. नवऱ्याला भीती वाटते ना, मग राहू दे दार लावलेलं, असं म्हणून चाचपडत कामं करायची. कधी आमटीत गूळ जास्त, कधी चहात मीठ. मांजराच्या शेपटीवर रोज पाय. एकदा तर तिनं कोपऱ्यातल्या काळ्या घागरीला शेजारीण समजून "या, बसा" म्हटलं, आणि घागर काही बोलेना म्हणून रागावली पण.

नवरा म्हणायचा, "म्हातारे, लक्ष कुठं असतं गं तुझं?"

अशात लेकीचा निरोप आला. पहिलटकरीण होती, बाळंतपणाला माहेरी येणार होती. बायकोनं आपलं जुनं मऊ लुगडं काढलं आणि बाळाला दुपटं शिवायला बसली. पण सुईत दोरा जाईना. दोरा ओला करून बघितला, पीळ देऊन बघितला. दिव्याजवळ धरलं तर ज्योत हलायची आणि सुईला दोन दोन नेढी दिसायची. शेवटी तिनं सुई गुंडाळून ठेवली.

रात्री जेवताना हळूच म्हणाली, "आवं, माझे डोळे गेले वाटतं."

कुलूपवाल्याचा घास हातातच राहिला. "काय बोलतीस? विहिरीवरनं पाणी आणतीस की नीट."

"ते लांबचं. लांबचं दिसतंय. जवळचं गेलं."

दुसऱ्या दिवसापासनं तो वैद्याकडचं त्रिफळ्याचं पाणी आणायला लागला. बाजारात जायच्या आधी स्वतः तिच्या डोळ्यांवर हबके मारायचा. जीव होता त्याचा तिच्यावर. नुसता उजेड नव्हता.

"लेकीला सांगू नका," बायको म्हणाली. "दुपटं शेजारीण शिवून देईल. मला एवढंच वाटतं, नातवंडाचं तोंड तेवढं दिसावं."

मग एक दिवस भरदुपारी एक माकड शेजारच्या झाडावरनं धप्पकन कौलांवर आलं. कुठं चाललं होतं, माकडालाच ठाऊक. ते गेलं, पण जाताना एक कौल सरकवून गेलं. आणि चुलीपुढं, सारवलेल्या जमिनीवर, पुरीएवढा कवडसा येऊन पडला.

बायको आधी दचकली. मग तिनं त्यात हात घातला. हातावरची एक एक रेघ दिसली. चुलीत भाजल्याचा डाग दिसला. ती उठली, गुंडाळलेली सुई आणली, दोरा धरला, आणि दोरा सुईत असा गेला जसा पारवा देवळात शिरतो, सरळ, अडखळल्याशिवाय.

ती एकटीच खदखदा हसली. डोळे जाग्यावर होते. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी.

कवडसा सरकला तशी ती दुपटं घेऊन त्याच्या मागं सरकली. चुलीपासनं जात्यापर्यंत, जात्यापासनं भिंतीपर्यंत. पण तिला नवरा ठाऊक होता. कौल सरकलंय म्हटलं की हा जेवायच्या आधी शिडी लावणार. म्हणून तिनं सरळ सांगितलंच नाही. संध्याकाळी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आवं, आपल्या घरात रोज दुपारी कुणीतरी येतं."

"कोण?"

"नाव काही सांगत नाही. गोरा आहे पण. चांगला लखलखीत."

"दारातनं येतो?"

"छे. वरनं उतरतो. चुलीपाशी बसतो, मला सुईत दोरा ओवू लागतो, मग जात्यापाशी जातो. निघताना भिंतीवर चढतो."

"आणि तू काय करतीस?"

"मी त्याच्या मागं मागं फिरते," बायको म्हणाली, आणि लाजली पण मेली.

कुलूपवाल्यानं भाकरी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेलाच नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप. चोर आला की त्याच्या पायालाच घालायचं, असा बेत. दार आतनं लावलं आणि बसला. बसला तो मांजरावर. उठला तर डोकं फळीला लागलं. तहान लागली म्हणून तांब्या उचलून तोंडाला लावला, तर आत गोडंतेल.

"दिवा लाव गं."

"दुपारचा?"

"एवढा अंधार का आहे पण?"

"रोजच असतो," बायको म्हणाली. "म्हणून तर मला वाटलं, माझे डोळे गेले."

कुलूपवाला ओठावरचं तेल पुसायचंही विसरला.

तेवढ्यात पाहुणा आला. आढ्यावरनं उतरला आणि चुलीपुढं पसरला. कुलूपवाल्यानं काठी उगारली, कुलूप पुढं केलं, तर चोर कुलपावरच चढून बसला. बायकोनं त्याच्यात सुई धरली, एका दमात दोरा ओवला आणि दुपटं मांडीवर घेतलं.

कुलूपवाल्यानं तिच्याकडं बघितलं. किती तरी दिवसांनी दुपारच्या उजेडात बघत होता.

"हे केस कधी पांढरे झाले गं?"

"अंधारात झाले. तुम्हाला कसे दिसणार?"

पण सवय वाईट असते. त्यानं वर बघितलं, कौल सरकलेलं दिसलं, आणि गड्यानं शिडी लावलीच. बायको नुसती शिवत राहिली.

तो वर चढला. कौल बसवायला भोकावर हात ठेवला आणि खाली बघितलं. बायको नाहीशी झाली. हात काढला. बायको आली, मांडीवर दुपटं, हातात सुई. पुन्हा हात ठेवला. बायको गेली. दुपटं गेलं. घर गेलं.

त्यानं हात काढून घेतला.

"म्हातारे," वरनं आवाज आला, "चोर सापडला."

"कुठाय?"

"शिडीवर."

त्यानं ते कौल काढलं, काखेत धरलं आणि खाली उतरला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. गवंडी जुनं विसरला नव्हता. म्हणाला, "मालक, खिडक्या ठेवल्या तर चोराला वाट सापडंल की."

"गज लाव. दाराला कुलूप माझं आहे."

"बरं. कुठं कुठं ठेवू?"

"मला काय विचारतोस? हिला विचार. घरात ती राहते."

बायकोनं गवंड्याला घरभर फिरवलं. चुलीपाशी एक, सकाळचं ऊन येईल अशी. जात्यापाशी एक. बाळंतिणीच्या खोलीत उंचावर एक, वारा अंगावर येणार नाही पण दिवस कळेल अशी. आणि माकडानं सरकवलेल्या कौलाच्या जागी तिनं काचेचं कौल बसवून घेतलं. म्हणाली, "पहिला पाहुणा आहे तो. त्याची वाट मोडायची नाही."

लेक आली. दुपटं तयार होतं. पुढं बाळ झालं आणि आजीनं त्याचं तोंड बघितलं, नाक कुणाचं आणि हनुवटी कुणाची ते सुद्धा ठरवलं.

बाळ जरा मोठं झालं, पालथं पडायला लागलं. एका दुपारी कवडसा त्याच्या पुढ्यात आला. बाळानं झडप घातली आणि मूठ घट्ट मिटली. मूठ उघडून बघतंय तर काही नाही, आणि कवडसा मुठीच्या वर. पुन्हा झडप. कुलूपवाला हल्ली दुपारचा जेवायला घरी यायचा. तो शेजारी आडवा झाला, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "धर त्याला, सोडू नकोस. नाही सापडला तरी काळजी नको. उद्या पुन्हा येतोय. ह्या चोराला घरात घ्यायचं असतं."

तात्पर्य: घराला कुलूप जरूर असावं, पण घराचंच कुलूप करू नये. आणि भिंती घालायच्या आधी, दुपारी आत कोण असतं, त्याला विचारावं.