शिवड्यानं काठ्या का मोडल्या

एकदा काय झालं, भर पौषात एका गावची नदी आटायला लागली. उन्हाळ्यात आटली असती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण हे थंडीचे दिवस, पाऊस पोटभर झालेला, आणि पाणी आपलं रोज वीतभर खाली जातंय. गावाचं नाव खडकओहळ. तिथली नदी निघायची एका डोहातून. डोहाच्या तळाशी कातळात एक कपार होती, तिच्यातून झरा यायचा. तो झरा कधी थांबल्याचं कुणाच्या आज्यानंसुद्धा ऐकलं नव्हतं. आणि आता तो थांबला होता.

मग एका सकाळी पाणी भरायला गेलेल्या बायकांनी काय पाहिलं? उरलेल्या नितळ पाण्यातून डोहाचा तळ दिसत होता, आणि कपारीतून दोन काळ्या दोऱ्या बाहेर येऊन आपोआप हलत होत्या. दोऱ्या कसल्या, मिशा होत्या त्या! मिशांच्या मागं घमेल्याएवढं तोंड. शिवडा मासा, बरं का. अंगावर एक खवला नाही, नुसती बुळबुळीत कातडी, आणि तोंडात बारीक दातांच्या रांगा. बाटलीला बूच बसावं तसा तो कपारीत बसला होता.

बायका घागरी टाकून पळाल्या.

राजाला कळलं. राजा आला, डोहाच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "तीन दिवस देतो. मासा काढा. नाही निघाला, तर तिसऱ्या दिवशी सूर्य डोंगराला टेकला की माझी माणसं पहारींनी हा कातळ फोडतील."

गावचे म्हातारे त्याच्या पाया पडले. म्हणाले, "महाराज, कातळ फुटला तर झरा जमिनीत जिरेल. पुन्हा वर येणार नाही."

"आणि नाही फोडला तर काय पिणार?" राजा म्हणाला.

त्या गावात भोयांचं एकच घर होतं. घरात भाऊ-बहीण, कोंडिबा आणि सारजा. कोंडिबा मासे धरायचा. सारजा घरी बसून दोर वळायची, गळ बांधायची, आणि वेळूच्या काठ्या विस्तवावर शेकून सरळ करायची. तिच्या हातची काठी म्हणजे मऊ वाकायची आणि लगेच सरळ व्हायची.

पहिल्या दिवशी राजाचा पहिलवान आला. भुजंगा त्याचं नाव. त्यानं भरीव बांबूची काठी आणली होती, मुसळाएवढी जाड. तो डोहावरच्या उंच दगडावर उभा राहिला, गळाला कोंबडीची आतडी लावली आणि सोडला. शिवड्यानं गळ गिळला. भुजंगानं दोन्ही पाय रोवले आणि सगळं बळ लावून काठी वर उपटली. काठी जराही वाकली नाही. काडकन मोडली! मोडका तुकडा त्याच्या कपाळावर बसला. पहिलवान दगडावर बसून राहिला, आणि मासा होता तिथंच.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा निघाला. सारजा म्हणाली, "दादा, नको जाऊस."

"तुझी काठी आहे माझ्या हातात," कोंडिबा हसला. "ती वाकते. ती नाही मोडायची."

आणि खरंच ती वाकली. शिवड्यानं गळ घेतला, काठी धनुष्यासारखी झाली. लोक ओरडायला लागले. कोंडिबाला वाटलं, आता आलाच हातात. त्यानं जास्त धर मिळावा म्हणून दोर मनगटाला गुंडाळला, आणि काठी वर, आणखी वर, अगदी आभाळाकडे उभी केली. शेंडा असा वाकला, असा वाकला की पार उलटा झाला. आणि तट्! शेंडा गेला. काठीचा आधारच राहिला नाही, मग सगळी ओढ आली मनगटावर. मासा आत सरकला, आणि कोंडिबा दगडावरून थेट डोहात.

सारजानं कोयता उचलला आणि उडी मारली. पाणी बर्फासारखं होतं. कोंडिबा खाली खाली ओढला जात होता, तोंडातून बुडबुडे येत होते. तिनं त्याच्या मनगटापाशी दोरावर कोयता घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोर तुटला. तिनं भावाला केसांना धरून वर आणलं.

जगला, जगला. घाबरू नका. पण त्याच्या हाताची दोन बोटं काळीनिळी पडली होती, आणि ती मिटत नव्हती.

दुपारभर सारजा भावाजवळ बसली. तिच्या डोक्यातून एकच जात नव्हतं. कडक काठी मोडली, ते कळलं. पण माझी काठी का मोडली? मग ती उठली. घरातली शेवटची काठी घेतली, शेंड्याला वरवंटा बांधला आणि काठी उभी करून उचलून पाहिली. नुसता शेंडा वाकला, बाकी काठी सरळच. कर्र, कर्र वाजायला लागलं. तिनं घाईनं काठी खाली केली, जवळजवळ आडवी. आणि काय गंमत, वाक शेंड्यातून सरकत सरकत बुडख्यापर्यंत आला. आता सगळी काठी मिळून वजन उचलत होती. वाजणं थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "उद्या मी जाते."

कोंडिबानं चांगल्या हातानं काठी तिच्याकडे सरकवली.

तिसरा दिवस उजाडला. राजा काठावर येऊन उभा राहिला, त्याची माणसं पहारी घेऊन कातळावर बसली. गावानं बिऱ्हाडं बांधायला घेतली. सारजा कोंडिबाला घेऊन डोहावर आली आणि आधी पाण्यातच उतरली. कोंडिबाचा दोर माशाच्या तोंडातून लोंबत होता ना, तो तिला हवा होता. ती बुडी मारून कपारीपाशी गेली. शिवड्याचे बारीक डोळे तिच्याकडे बघत होते. त्याच्या तोंडाच्या बाजू कातळावर घासून सोलल्या होत्या. तिनं दोराचं टोक धरलं, आणि तेवढ्यात तिला पाण्यातून आवाज आला, जड, हळू.

"पुन्हा वर ओढायला आलीस?"

सारजाच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. पाण्यात तोंड उघडता येईना, म्हणून तिनं नुसती नाही अशी मान हलवली.

"मी आत शिरलो तेव्हा बोटाएवढा होतो," शिवडा म्हणाला. "आत खाल्लं, आतच वाढलो. आता निघता येत नाही. तुम्ही वर ओढता. वर माझ्या डोक्यावर दगड आहे, बाई. मग मी पोट तळाला दाबून धरतो. दुखतं ना."

सारजाचा श्वास संपत आला होता. ती दोराचं टोक धरूनच वर आली, धापा टाकल्या आणि काठावरच्या लोकांना म्हणाली, "तो अडवून बसला नाही. तो अडकलाय."

मग ती त्या उंच दगडावर गेलीच नाही. डोहाच्या पलीकडे, कपारीच्या अगदी समोर, पाणी आटून वाळू उघडी पडली होती. तिथं ती गुडघे टेकून बसली. दोराला दोर बांधला, तो काठीच्या शेंड्याच्या फाशातून ओवून टोक हातात धरलं. काठी आडवी, वाळूपासून हातभर वर. भुजंगा धावत आला. म्हणाला, "काठी कशाला? दहा जण दोर ओढतो!"

"दोर तुटेल," सारजा म्हणाली. "काठी वाकते म्हणून दोर टिकतो. बाजूला व्हा."

ती ओढेना. वाट पाहू लागली. कपारीच्या तोंडाशी शिवड्याचे कल्ले फुगायचे, मिटायचे. मिटले की त्याचं अंग इवलंसं बारीक व्हायचं. तेवढ्यात ती ताण द्यायची. फुगले की सोडायची. मिटले, ताण. फुगले, सोड. एका वेळी करंगळीएवढा मासा पुढं यायचा. दुपार झाली. तिच्या तळहातांची सालं निघाली. सूर्य उतरायला लागला, आणि मासा गळ्यापर्यंतच बाहेर आला होता.

"ओढ की!" लोक ओरडले. "ऊन चाललं!"

राजाच्या माणसांनी पहारी उचलल्या.

तेवढ्यात काठी बोलली. कर्र. मधल्या पेराशी बारीक चीर गेली. आणि सारजानं काय केलं असेल? तिनं दोर सोडून दिला. सरसर सरसर दोर हातातून गेला, मासा पुन्हा हातभर आत. सगळ्या काठानं हाय खाल्ली. एक म्हातारी रडायला लागली.

"सारजा!" कोंडिबा ओरडला. "गेला ना!"

"जाऊ दे," सारजा म्हणाली. "त्याला दम घेऊ दे."

आणि झालं काय, मासा असा मागं-पुढं झाल्यामुळं त्याच्या अंगाखालची कितीक दिवसांची वाळू मोकळी झाली. कपारीच्या तळातून पाण्याची एक बारीक धार फुटली. ती सारजाला दिसली. वर सूर्य डोंगराला टेकला होता. पहिली पहार कातळावर पडली, ठण्ण! शिवडा दचकला, कल्ले गच्च मिटले, आणि त्याच क्षणी सारजानं दोर पुन्हा आवळून, काठी आडवीच ठेवून स्वतः मागं चालायला सुरुवात केली. एक पाऊल. दोन पावलं. काठी बुडख्यापर्यंत वाकली. तीन...

धडाड! आत कोंडलेल्या झऱ्यानं मागून ढकललं, आणि शिवडा कपारीतून होडीसारखा सुटला. त्याच्यामागं पांढरं पाणी उसळलं. सारजा उलटी पडली, नाकातोंडात पाणी गेलं. कोंडिबानं चांगल्या हातानं तिची वेणी धरली आणि तिला काठावर ओढलं. पहारीवाले पहारी टाकून पळत सुटले होते.

मासा उथळ पाण्यात पडून धापा टाकत होता. माणसाच्या तिप्पट लांब. भुजंगानं भाला उचलला. सारजा मधे उभी राहिली. राजाकडे बघून म्हणाली, "तुम्ही मासा काढा म्हणालात. मारा म्हणाला नाहीत."

राजा पाण्याकडे बघत होता. पाणी त्याच्या जोड्यांपर्यंत आलं होतं. तो म्हणाला, "सोड त्याला."

सारजानं वाकून माशाच्या जबड्यातून भुजंगाचा गळ काढला, मग भावाचा. शिवड्यानं एकदा शेपटी हलवली आणि तो नदीला लागला. खाली, दूर, मोठ्या पाण्याकडे.

त्याची पुष्कळ पोरं-नातवंडं झाली म्हणतात. डोक्यावर दगड असल्याचं त्याचं भय त्यांच्याही अंगात उतरलं. म्हणून मोठा शिवडा गळाला लागला आणि कुणी त्याला सरळ वर उचलायला गेलं, की तो पोट तळाला दाबून धरतो, आणि काठी मोडते. जो काठी खाली ठेवतो, दोर सोडतो, धीर धरतो, त्याची मोडत नाही.

कोंडिबाची ती दोन बोटं काही पुन्हा मिटली नाहीत. पण तो त्याच हातानं वल्हं धरायला शिकला, आणि सारजा गळ टाकायला लागली. गावानं बांधलेली बिऱ्हाडं सोडली, चुली पेटवल्या. सगळी पोटभर पाणी प्याली आणि सुखानं राहिली.

चला, सरका आता. पांघरुणं गळ्यापर्यंत ओढा, आणि डोळे मिटा.