तिसऱ्या आठवड्यातला निवाडा

माणसांनी खुराडी बांधली नव्हती तेव्हाची गोष्ट. बुटक्या कोंबड्यांच्या एका कळपात रीत होती. पिलं तीन आठवड्यांची झाली की म्हातारा कोंबडा त्यांचे तुरे बघायचा आणि नर ठरलेल्यांना हाकलून द्यायचा.

ठकी नावाच्या कोंबडीच्या एका पिलाचा तुरा जरा लालसर होता.

"हा नर. काढा बाहेर," म्हातारा म्हणाला.

"आबा, अजून धड पिसं फुटली नाहीत. दोन महिने थांबा, आपोआप कळेल."

"मला शिकवतेस? उभा जन्म तुरे बघण्यात गेला माझा!"

पिलू बाहेर गेलं. दिवस मावळायच्या आत मुंगसाने त्याला उचललं.

तीन महिन्यांनी, मादी म्हणून ठेवलेलं ठकीचं दुसरं पिलू दगडावर चढून खणखणीत आरवलं.

"होते एखादी चूक," म्हातारा पंख साफ करत म्हणाला.

"याचं कळलं, आबा," ठकी म्हणाली. "त्याचं आता कधी कळणार?"

म्हातारा पंख झटकून निघून गेला. पण ठकीची पुढची पिलं तीन आठवड्यांची होताच पुन्हा हजर झाला. ठकीने सगळी पिसं फुलवली.

"ज्याला आरवायचं तो आरवेल, जिला अंडं घालायचं ती घालेल. तोवर पाऊल पुढे टाकलंत तर तुमचाच तुरा जागेवर राहणार नाही."

बाकीच्या कोंबड्या आपापली पिलं घेऊन ठकीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.